जुना सीवाय-१५आर घ्यायचाय? आधी बेल वाजवून बघा

इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणारे चार जण जमले की एका रायड पॅडचा, म्हणजे ठेका धरायच्या मोठ्या सिंबलच्या (झांजेच्या) इलेक्ट्रॉनिक पॅडचा, विषय हमखास निघतो. रोलंडचा सीवाय-१५आर. पंधरा इंची, जाडजूड, रबराचा, आणि कंपनीने बनवणं बंद केलेला. त्यानंतर पातळ, मोठे, जास्त हुशार पॅड आले. तरी लोक हाच शोधत असतात. ज्याच्याकडे आहे तो विकायला तयार नसतो, आणि विकला तर पुढे हळहळत बसतो.

ज्यांनी नुकतंच इलेक्ट्रॉनिक किट घेतलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. ऑक्टोपॅडवाल्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल. आपल्याकडे बँजो पार्टीत आणि ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड इतका रुळलाय की कितीतरी जणांच्या हाती ड्रमची स्टिक पहिल्यांदा त्याच्यावरच आली. त्या चौकोनी पॅडवर क्रॅश (जोर द्यायला मारायचा सिंबल) मारताना कधी ना कधी वाटतंच, की हा आवाज एखाद्या झुलणाऱ्या गोल सिंबलवरून यायला हवा होता.

थोडा इतिहास, म्हणजे या पॅडचं एवढं कौतुक का ते कळेल. १९९७ साली रोलंडने टीडी-१० मॉड्यूलसोबत (मॉड्यूल म्हणजे पॅडचे फटके ओळखून आवाज काढणारा डबा) व्ही-ड्रम्स हे इलेक्ट्रॉनिक किट आणलं. जाळीच्या हेडमुळे (ड्रमवरच्या ताणलेल्या पडद्यामुळे) स्नेअरवर स्टिक खऱ्या ड्रमसारखी उसळायला लागली आणि सगळे खूश झाले. पण त्याच किटवर सिंबलच्या जागी पीडी-९ नावाचे लहान रबरी पॅड बसवलेले होते. ते झुलत नसत, दिसायलाही सिंबल वाटत नसत. २००१ च्या सुमारास व्ही-सिंबल आले: सीवाय-१४सी क्रॅश, सीवाय-१२एच हायहॅट आणि सीवाय-१५आर रायड. स्टिक लागली की डोलणारा, बेलवर वेगळा वाजणारा, कड पकडली की गप्प होणारा रबरी सिंबल अनेकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. जुन्या टीडी-१० वाल्यांना त्यासाठी टीडीडब्ल्यू-१ हे विस्तार कार्ड घालावं लागलं. २००४ च्या टीडी-२० किटवरही रायड हाच होता. म्हणजे बरीच वर्षं रोलंडच्या सगळ्यात महागड्या किटचा रायड म्हणजे सीवाय-१५आर.

आत काय आहे, ते आधी समजून घ्या

या भागावरून घाईने पुढे जाऊ नका. पॅड तपासणं, जोडणं, सेट करणं, दुरुस्त करणं, सगळं इथूनच सुटतं.

पॅडवर तीन जागा वाजतात. मधला उंचवटा म्हणजे बेल, त्याच्याभोवतीचा रुंद पसरट भाग म्हणजे बो, आणि बाहेरची कड म्हणजे एज. आत मात्र तीन सारखे सेन्सर नाहीत. एक पिझो आहे आणि दोन स्विच आहेत. पिझो म्हणजे हादरा बसला की किंचित वीज निर्माण करणारी चकती. स्विच म्हणजे रबराखाली दडवलेली पातळ पट्टी, दाबली की आतले दोन थर एकमेकांना टेकतात. एक पट्टी कडेला, दुसरी बेलखाली.

फटका किती जोरात बसला हे पिझो सांगतो. कुठे बसला हे स्विच सांगतो. कुठलाच स्विच न दाबता पिझो हलला तर मॉड्यूल समजतं की बो वाजला. पिझो हलला आणि त्याच क्षणी कडेचा स्विच दाबला गेला, तर एज. बेलचा स्विच दाबला गेला, तर बेल. आणि आधीचा आवाज चालू असताना कड हाताने धरून ठेवली, म्हणजे स्विच दाबलेलाच राहिला, तर चोक: आवाज तिथेच तुटतो.

आता पॅडच्या खालच्या बाजूला बघा. दोन जॅक दिसतील, एकावर बो/एज आणि दुसऱ्यावर बो/बेल लिहिलेलं. स्टिरिओ जॅकच्या पिनेला तीन भाग असतात: टोक, मधली रिंग आणि मागची बाही. टोकावर पिझो, रिंगवर स्विच, बाहीवर ग्राउंड. एका केबलमध्ये एकच रिंग, म्हणून एकच स्विच. दोन स्विच न्यायचे तर दोन केबल लागणार. यामाहाने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. त्यांच्या तीन झोनच्या सिंबलमध्ये एका स्विचच्या वाटेत रेझिस्टर घालून दोन्ही स्विच एकाच केबलमधून ओळखले जातात. त्यामुळे रोलंडचा पॅड यामाहाच्या मॉड्यूलला लावला तर बो आणि एज बहुतेक वेळा चालून जातात, तिन्ही झोन सरळ मिळत नाहीत.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. या पॅडला वीज लागत नाही. अडॅप्टर नाही, बॅटरी नाही, सॉफ्टवेअर नाही. जपानमध्ये १०० व्होल्टवर चालणाऱ्या किटसोबत आलेला पॅड इथे तुमच्या मॉड्यूलला तसाच लागतो. पॅड टिकून राहिले त्याचं एक मोठं कारण हेच, असं मला वाटतं. आतमध्ये जुनं होऊन निकामी व्हावं असं फारसं काही नाहीच.

तुमच्या मॉड्यूलला तो चालेल का

पॅड शोधायला निघण्याआधी मॉड्यूल उलटं करा आणि मागची सॉकेट मोजा. रायडचे तिन्ही झोन हवे असतील तर दोन इनपुट मोकळे पाहिजेत, आणि त्यातला दुसरा इनपुट बेलसाठी वापरण्याची सोय मॉड्यूलमध्ये पाहिजे. कुठल्या मॉडेलवर ती सोय कुठल्या सॉकेटला आहे ते मॅन्युअलमध्ये रायडच्या जोडणीच्या पानावर असतं. बरीच मॉड्यूलं एका जाड केबलमधून सगळे पॅड घेतात. तिथे केबलच्या शेपट्यांवरच्या चिठ्ठ्या वाचा.

एकच इनपुट मोकळा असेल तरी पॅड फुकट जात नाही. बो/एज जॅक लावला तर बो, एज आणि चोक मिळेल. बो/बेल लावला तर बो आणि बेल मिळेल. लावणीच्या किंवा कोळीगीतांच्या ठेक्यात रायडचा उपयोग बेलच्या ठणठणाटासाठीच होत असेल, आणि चोक क्रॅशवर मिळतच असेल, तर दुसरा जॅक लावलेला बरा. रॉक वाजवणारा अर्थात पहिलाच लावेल.

इनपुटचा प्रकारही बघा. काही इनपुट दोन पिझोच्या पॅडसाठी असतात, म्हणजे स्नेअरचं हेड आणि रिम. तिथे स्विचची भाषा मॉड्यूलला कळेलच असं नाही. मग बो वाजतो, एज मुकाच. पॅडचा त्यात दोष नसतो.

ऑक्टोपॅडवाल्यांसाठी: एसपीडी-३० सारख्या मॉडेलला मागे बाहेरचे पॅड जोडायला ट्रिगर इनपुट असतात आणि मेनूत पॅडचा प्रकार निवडता येतो. जुन्या मॉडेलमध्ये किती झोन मिळतील ते मॉडेलवर अवलंबून आहे. दोन झोन मिळाले तरी स्टेजवर काम होतं.

नवं डिजिटल रायड, म्हणजे सीवाय-१८डीआर, यूएसबीने लागतं आणि ज्या मॉड्यूलला डिजिटल इनपुट आहे तिथेच चालतं. ते सुरेख आहे, वाद नाही. पण ज्याच्याकडे जुनं मॉड्यूल आहे त्याच्या ते कामाचंच नाही. सीवाय-१५आर मात्र वीस वर्षं जुन्या मॉड्यूललाही लागतो आणि नव्यालाही.

शोधायचा कुठे, पैसे किती द्यायचे

ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस आणि वाजवणाऱ्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप या आपल्याकडच्या जागा. सुटा पॅड क्वचितच येतो. बहुतेक वेळा कुणीतरी अख्खं किट काढत असतं. अशा माणसाला नुसता रायड मागितला तर तो चिडेल, कारण रायड गेला की उरलेल्या किटला गिऱ्हाईक मिळत नाही. अख्खं किट विकलं गेल्यावर ज्याने ते घेतलं त्याला गाठा. त्याच्याकडे कधीकधी जादा सिंबल झालेले असतात.

परदेशात रिव्हर्ब या वाद्यांच्या खरेदी-विक्रीच्या साइटवर आणि जपानी लिलावांत हा पॅड वरचेवर दिसतो. तिथली किंमत बघून हुरळून जाऊ नका. डबा मोठा, वजन बऱ्यापैकी, वर कस्टम्स. सगळं मिळून आकडा कुठल्या कुठे जातो. नातेवाईक येणार असतील तर गोष्ट वेगळी, पण पंधरा इंची ताट कुणाच्या बॅगेत घालायला सांगताना आपलं नातं किती घट्ट आहे याचा आधी अंदाज घ्या.

किमतीचा माझा ठोकताळा असा: तिन्ही झोन चालू, चोक चालू, स्टॉपर सोबत, रबर न फाटलेलं, तर त्याच कंपनीच्या आजच्या नव्या ॲनालॉग रायडच्या एक तृतीयांश ते निम्म्या किमतीपर्यंत जावं. बेल बंद असेल तर तो रायड उरत नाही, मोठा क्रॅश होतो, आणि भावही क्रॅशचाच द्यावा. "बंद झालेलं मॉडेल आहे, आता मिळत नाही" या वाक्याचे वेगळे पैसे देऊ नयेत. ते वाक्य प्रत्येक विकणारा म्हणतो.

फोनवर बोलताना सरळ मुद्द्यावर या. "दादा, एक छोटा व्हिडिओ पाठवाल का? बो, बेल, एज, तिन्हीवर हळू आणि जोरात मारून, शेवटी चोक करून. मॉड्यूलची स्क्रीन दिसेल असा." ज्याचा पॅड ठणठणीत आहे तो पाच मिनिटांत पाठवतो. "अहो चालू आहे, येऊन बघा ना" असं उत्तर आलं तर जायला हरकत नाही, पण मल्टिमीटर घेऊन जा.

पैसे देण्याआधीची तपासणी

डोळ्यांनी बघायचं ते आधी. बोवर स्टिक पडून पडून एक चकचकीत पट्टा तयार झालेला असतो. त्याने काही बिघडत नाही. रबरावर पांढुरकी साय आल्यासारखी दिसली तर घाबरू नका. रबरातलं मेण वर येतं त्याची ती असते, ओल्या फडक्याने निघते. घाबरायचं ते कडेला. कडेचं रबर बोटाने थोडं दाबत पूर्ण फेरी मारा. कुठे रबर खालच्या प्लास्टिकपासून सुटलेलं, फुगलेलं किंवा चिरलेलं लागतंय का? चीर पडली की आत घाम आणि दमट हवा शिरते आणि स्विचची पट्टी गंजते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळे काढलेला पॅड असेल तर जॅकच्या भोकात टॉर्च मारून हिरवट थर दिसतोय का बघा.

आता वाजवून. मॉड्यूल असेल तर उत्तम. स्टिकच्या टोकाने बोवर अगदी हळू सुरुवात करा आणि आवाज टप्प्याटप्प्याने वाढवत न्या. आवाज सलग वाढला पाहिजे. मध्येच गायब होऊन एकदम मोठा होत असेल तर पिझोची चकती सुटत आलीय किंवा तडकलीय. मग बेल. इथे नवखे फसतात. बेल स्टिकच्या टोकाने वाजवायची नसते. स्टिकचा खांदा, म्हणजे टोकाच्या मागचा निमुळता भाग, बेलवर आडवा बसला पाहिजे, कारण रबराखालचा स्विच दाबायला तेवढा जोर लागतो. टोकाने टिचकी मारून "बेल चालत नाही" म्हणणारे आणि त्यावरून भाव पाडणारे पुष्कळ आहेत. विकणाऱ्यालाही हे माहीत नसेल तर तो बिचारा खरंच बेल बंद समजून स्वस्तात देतो, ते तुमचं नशीब.

एज वाजवताना पॅडचा लोगो तुमच्यापासून लांबच्या बाजूला हवा. वाजवायची कड ती तुमच्याकडची. लोगोपाशी मारून एज आला नाही म्हणून पॅड नापास करू नका. मग चोक: जोरात मारा आणि अंगठा खाली, बोटं वर अशी कड चिमटीत धरा. आवाज झटकन तुटला पाहिजे. डावीकडून उजवीकडे तीनचार ठिकाणी धरून बघा. मधेच एखाद्या वितीवर चोक होत नसेल तर पट्टी तिथे मेलेली आहे.

मॉड्यूल नसेल तर मल्टिमीटर. एक स्टिरिओ केबल पॅडच्या बो/एज जॅकमध्ये घाला आणि दुसऱ्या टोकाच्या पिनेवर मीटरच्या दोन कांड्या लावा, एक रिंगवर आणि एक बाहीवर. मीटर ओहमवर ठेवा. कड न दाबता आकडा दिसू नये, वाट उघडी असली पाहिजे. कड दाबली की आकडा एकदम खाली यायला हवा आणि बोट काढलं की पुन्हा वाट उघडी. दाबून धरल्यावर आकडा नाचत असेल तर आत गंज आहे. तेच बो/बेल जॅकवर, बेल अंगठ्याने चांगली रेटून. पिझोसाठी मीटर एसी मिलिव्होल्टवर, कांड्या टोकावर आणि बाहीवर, आणि बोवर बोटांनी टकटक. प्रत्येक टकटकीला आकडा हलला म्हणजे पिझो जिवंत. गिटारचा अँप हाताशी असेल तर आणखी सोपं: आवाज अगदी कमी ठेवून पॅड अँपला लावा, टकटक केल्यावर स्पीकरमधून ठक ठक ऐकू आली की झालं.

एक सापळा. केबल मोनो असेल तर हे सगळं खोटं निघतं. मोनो पिनेला रिंग वेगळी नसते, त्यामुळे जॅकमध्ये रिंग आणि बाही एकमेकांना जोडल्या जातात. मॉड्यूलला वाटतं कड सतत कुणीतरी धरून ठेवलीय. मग आवाज येतच नाही, किंवा येऊन लगेच तुटतो. "पॅड चोकमध्ये अडकलाय" म्हणून विकायला काढलेल्या सिंबलच्या बाबतीत आधी केबलच्या पिनेवरचे काळे पट्टे मोजा. दोन पट्टे म्हणजे स्टिरिओ, एक म्हणजे मोनो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चांगली स्टिरिओ केबल सहज मिळते. नेताना खिशात स्वतःची असू द्या.

स्टँडवर चढवणं

पॅडसोबत एक स्टॉपर येतो. तो स्टँडच्या दांड्यावर घट्ट बसतो आणि पॅडला गोल फिरू देत नाही. तो नसेल तर वाजवता वाजवता पॅड फिरत जातो, केबल दांड्याला गुंडाळली जाते, आणि लोगो कधी तुमच्याकडे येऊन बसतो कळतही नाही. जुन्या पॅडसोबत हमखास हरवलेला भाग हाच. म्हणून सौदा करताना आधी विचारा. बाकी फेल्ट आणि वरचं विंग नट कुठल्याही ड्रमच्या दुकानात मिळतं. नट आवळून टाकू नका, पॅड झुलला पाहिजे. झुलण्यातच या पॅडची सगळी मजा आहे, शिवाय घट्ट आवळला की प्रत्येक फटक्याचा हादरा दांड्यातून शेजारच्या पॅडवर जातो. केबलला जॅकपाशी थोडा सैल वेढा ठेवून ती दांड्याला वेल्क्रोने बांधा. जॅकवर केबलचं वजन लोंबकळलं की काही महिन्यांत सोल्डर सुटतं.

स्टँड मजबूत घ्या. हा पॅड हलका नाही, आणि हलक्या किटच्या पाइपांवर बसवला तर अख्खा रॅक मान डोलवतो.

सेटिंग: इथे एक संध्याकाळ घालवा

पहिलं काम, मॉड्यूलच्या ट्रिगर मेनूत पॅडचा प्रकार सीवाय-१५आर निवडा. रोलंडच्या बऱ्याच मॉड्यूलांत तो यादीत असतो. नसेल तर यादीतला दुसरा तीन झोनचा रायड निवडून बघा. नव्वद टक्के तक्रारी इथेच मिटतात, कारण किटसोबत आलेल्या छोट्या पॅडचा प्रकार तसाच ठेवून लोक पुढच्या आकड्यांशी झुंजत बसतात.

मग सेन्सिटिव्हिटी. तुम्ही गाण्यात जितक्या जोरात मारता तितक्याच जोरात मारा, त्याहून जास्त नाही. स्क्रीनवरची पट्टी तेव्हा जेमतेम वर टेकली पाहिजे. मधल्या फटक्यालाच टेकत असेल तर सेन्सिटिव्हिटी कमी करा, नाहीतर हळू-जोरात हा फरकच नाहीसा होतो आणि रायड मशीनसारखा वाजतो. हे बोवर जमवा. एज फार मोठी किंवा फार बारीक वाटली तर ती रिम गेनने (कडेच्या आवाजाचं प्रमाण ठरवणाऱ्या सेटिंगने) हलवा, सेन्सिटिव्हिटीला पुन्हा हात लावू नका.

थ्रेशोल्ड म्हणजे याहून हलका हादरा आला तर दुर्लक्ष करायचं, अशी पातळी. ती शून्यापासून सुरू करा. बास ड्रमचं पेडल जोरात दाबा, स्टँडला गुडघा लावा. रायड आपोआप वाजला तर एकेक पायरी वाढवा आणि थांबला की तिथेच सोडा. जास्त वाढवलात तर रायडवरचे नाजूक फटके, ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच गिळले जातील.

एका फटक्याला दोन आवाज येत असतील तर रिट्रिगर कॅन्सल (त्याच फटक्याच्या थरथरीने येणारा दुसरा आवाज दाबणारी सेटिंग) आणि मास्क टाइम. मोठा पॅड झुलतो, थरथरतो, म्हणून या पॅडवर हे होऊ शकतं. रोलंडच्या मॉड्यूलांत मास्क टाइम ६४ मिलिसेकंदांपर्यंत नेता येतो. पण तो फटक्यानंतर तेवढा वेळ पॅडला बहिरं करतो. हिशोब करून बघा: १२० च्या टेम्पोला एका बीटमध्ये आठ फटके मारले तर दोन फटक्यांत ६२.५ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. म्हणजे मास्क ६४ ला ठेवला तर रोलमधला एकाआड एक फटका गेला. आधी रिट्रिगर कॅन्सल थोडा वाढवा, मास्कला शेवटी हात लावा. स्कॅन टाइम, म्हणजे फटका किती जोराचा ते मोजायला मॉड्यूल घेतं तो वेळ, ० ते ४ मिलिसेकंदांत असतो. तो पॅडच्या प्रकाराबरोबर आपोआप ठरलेला असतो, तिथेच राहू द्या.

सगळ्यात शेवटी क्रॉसटॉक, म्हणजे एका पॅडच्या हादऱ्याने दुसरा वाजू नये यासाठीची सेटिंग. क्रॅश मारल्यावर रायड वाजत असेल तर आधी दोन्ही वेगळ्या दांड्यांवर घेऊन बघा. जागा बदलून सुटणारा प्रश्न सेटिंगने सोडवू नये. कारण क्रॉसटॉक वाढवला की दोन्ही पॅड एकदम मारल्यावर त्यातला हळू फटका मॉड्यूल खातं.

कर्व्ह (फटक्याच्या जोराप्रमाणे आवाज कसा वाढेल ते ठरवणारी सेटिंग) लिनियर, म्हणजे सरळ प्रमाणातच ठेवा. हात बसल्यावर, महिन्या दोन महिन्यांनी, वाटलं तर बदला.

बेल अजूनही कधी लागते कधी नाही, असं होतंय? पॅडचा कल बदला. रायड सपाट असेल तर स्टिकचा खांदा बेलवर आडवा बसत नाही, टोकच लागतं. पॅड तुमच्याकडे थोडा झुकवला की मनगट न वाकवता खांदा लागतो. सेटिंगमध्ये डोकं घालून जे सुटत नाही ते पुष्कळदा या दोन बोटांच्या कलाने सुटतं.

बिघडलाच तर

पिझो आणि स्विचची कामं वेगळी आहेत हे लक्षात ठेवलंत तर निदान घरबसल्या होतं. कुठेही मारलं तरी आवाज नाही: पिझो, किंवा त्याची तार, किंवा केबल. कुठेही मारलं तरी फक्त बो वाजतो: स्विच किंवा रिंगची वाट तुटलेली. एका जॅकवर सगळं ठीक आणि दुसऱ्यावर नाही: जॅक किंवा त्याचं सोल्डर. सतत चोक: मोनो केबल, किंवा कडेची पट्टी चिकटून बसलीय.

जॅकचं सोल्डर आणि पिझोची तार ही कामं हात बसलेला कुठलाही रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा करून देतो. खालचं झाकण स्क्रूने उघडतं. पिझोच बदलायचा असेल तर जुन्याच्या मापाचा आणा, आणि त्याच्याखाली जसं फोम होतं तसंच लावा. फोम वगळून चकती थेट चिकटवली तर सेन्सिटिव्हिटी भलतीच बदलते. चकतीवर सोल्डर मारताना सोल्डरिंग आयर्न क्षणभरच टेकवा, जास्त तापली तर वरचा पांढरा थर उखडतो. कडेची पट्टी मात्र रबराखाली चिकटवलेली असते. ती उघडायच्या भानगडीत नवख्याने पडू नये. उघडता येतं, पण रबर पुन्हा तसं बसत नाही.

साफसफाईला ओलं, पिळलेलं फडकं आणि फार तर सौम्य साबणाचं पाणी पुरे. थिनर, पेट्रोल, स्पिरिट लावू नका. स्टिक लाकडी असतील तर टोक फुटलेल्या स्टिक बाजूला काढा, त्यांची कुसळं रबर कोरतात. नायलॉन टोकाच्या या पॅडवर जास्त बऱ्या. गणपतीत किंवा हळदीला उघड्या मांडवात वाजवून आणला असेल तर रात्रीच पुसून ठेवा, आणि पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवण्यापेक्षा सुती चादर टाकून हवेशीर जागी ठेवा. वर दुसरे सिंबल रचून ठेवू नका. वजनाने कडेचा स्विच दबून राहतो.

खालच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार आली तर त्यांना रायड मारून दाखवा. रबराचा धपधप आवाज खोलीबाहेर फारसा जात नाही. त्यांच्या डोक्यावर बसते ती किक पेडलची आदळआपट, आणि तिच्यासाठी पेडलखाली जाड रबरी चटई घालावी लागेल.

सगळं जमलं की सेटिंग मॉड्यूलमध्ये सेव्ह करा, बॅकअपची सोय असेल तर यूएसबीवर घ्या, आणि ट्रिगरच्या पानाचे फोनवर फोटो काढून ठेवा. स्टेजवर कुणीतरी दुसरा वाजवायला बसतो, "जरा बघू" म्हणून फॅक्टरी रिसेट मारतो, आणि दहा मिनिटांत तुमची एंट्री असते. त्या वेळी फोनवरचे फोटोच कामाला येतात.